दहा मीटरवरून सूर: एकदा पाय सुटले की हातात काय उरतं?

जडत्व

बारावीच्या भौतिकशास्त्राचं पहिलंच प्रकरण फिरणाऱ्या वस्तूंचं आहे. ते शिकवताना मी वर्गात चीनच्या क्वान होंगचानची पॅरिस ऑलिंपिकमधली पहिली उडी दाखवतो. २०२४, महिलांचा १० मीटर प्लॅटफॉर्म, उडी क्रमांक १०७बी. पुढच्या दिशेने साडेतीन कोलांट्या, गुडघे ताठ आणि कमरेत घडी. सातही परीक्षकांनी दहापैकी दहा दिले. वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळून मधल्या तिघांची बेरीज ३०, काठिण्यांक ३.०, म्हणून ९० गुण.

या वर्षी व्हिडिओ संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, हवेत धरायला काहीच नाही. मग ती फिरायला जोर कुठे लावते?"

प्रश्न इतका नेमका होता की पुढचा सगळा तास त्यावरच गेला. इथे पोहणारे, शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून तो धाग्यावर आणतोय.

माझं उत्तर असं होतं: हवेत ती जोर लावतच नाही. म्हणजे स्नायूंचा लावते, पण त्या जोराने तिचं एकूण फिरणं तसूभरही वाढत नाही. फिरण्याचा जो काही साठा, ज्याला आपण कोनीय संवेग किंवा अँग्युलर मोमेंटम म्हणतो, तो पाय प्लॅटफॉर्मला टेकलेले असतानाच घ्यावा लागतो. पाय सुटले की बाहेरून लागणारं बल एकच, गुरुत्वाकर्षण. ते गुरुत्वमध्यातूनच ओढतं, त्यामुळे त्याने कुणी फिरत नाही. प्लॅटफॉर्मवरून जेवढं घेतलं तेवढंच पाण्यापर्यंत पुरवायचं.

मग ती मध्येच एवढी गरगर कशी फिरते? साठा तोच राहतो, शरीराचा आकार बदलतो. हात वर ताणलेलं सरळ शरीर आणि गुडघे छातीशी घेतलेलं शरीर यांच्या जडत्वाच्या आघूर्णात, म्हणजे शरीर फिरवायला किती जड जातं त्यात, साधारण चौपटीचा फरक असतो. पाइकमध्ये, म्हणजे कमरेत घडी घातली की, ते सरळ शरीराच्या निम्म्याहून खाली येतं. आघूर्ण चौथ्या हिश्श्यावर आलं की फिरण्याचा वेग चौपट. यात फिरण्याची ऊर्जाही चौपट होते. ती ऊर्जा मात्र खरोखर स्नायूंमधूनच येते, कारण बाहेर फेकले जाणारे पाय ओढून आत धरून ठेवावे लागतात. वर्गात हीच गोष्ट सगळ्यात उशिरा पटते: संवेग तोच, ऊर्जा वाढलेली, आणि दोन्ही एकाच वेळी खरं.

आता वेळ. दहा मीटरवरून नुसतं सोडून दिलं तर पाण्यापर्यंत १.४३ सेकंद लागतात आणि पाण्याशी वेग होतो १४ मीटर प्रतिसेकंद, ताशी ५० किलोमीटर. वर उडी घेताना सुरुवातीचा वेग २.५ मीटर प्रतिसेकंद धरला तर शरीर जेमतेम एक फूट वर जातं, पण हवेतला वेळ १.७ सेकंद होतो. एका फुटासाठी पाव सेकंदाहून जास्त! घडीतून सेकंदाला अडीच फेऱ्या होत असतील तर या पाव सेकंदात अर्ध्याहून जास्त कोलांटी बसते. म्हणून उडीची उंची हा निव्वळ देखणेपणाचा भाग नाही.

आणखी एक आकडा मला स्वतःला फार आवडतो. नुसत्या पडण्यात पहिल्या ५ मीटरला १.०१ सेकंद लागतो, उरलेल्या ५ मीटरला फक्त ०.४२. घडी उघडायची, पाणी शोधायचं, हात जुळवायचे, हे सगळं त्या घाईच्या अर्ध्या भागात.

डोहकाठ

सर, वाचताना अंगावर काटा आला. आम्ही विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून दोन दिवस, तिसऱ्या दिवशी काकांनी डबा काढला. सूर मारायचा तो काठावरून, आणि मुटका मारायचा तो वरच्या थारोळ्यावरून. मुटका मारला की आपण लवकर खाली येतो असं आम्हाला पक्कं वाटायचं. अंग गोळा केल्यावर दगडासारखं पडतो म्हणून. आणि आमच्यातला जाडा मुलगा सगळ्यात आधी पोचतो असंही. यात काही तथ्य आहे का?

जडत्व

डोहकाठ, दोन्हीला उत्तर नाही असंच आहे. गोळा झालात म्हणून गुरुत्वमध्याची वाट बदलत नाही. तो सुटल्या क्षणी ठरलेल्या वक्रावरूनच जातो, अंग गोळा असो की ताणलेलं. मुटक्यात पाय वर घेतलेले असतात, त्यामुळे पाण्याला लागणारा पहिला भाग उलट किंचित उशिरा पोचतो.

वजनाचंही तसंच. हवेचा विरोध मोजायचाच तर दहा मीटरच्या शेवटी, वेग सर्वांत जास्त असताना, तो फार तर ३०-४० न्यूटन होतो. साठ किलोच्या माणसाचं वजन जवळपास ५९० न्यूटन. वर तर तो नगण्यच असतो. विहिरीच्या उंचीवर विसरून जा.

"दगडासारखं" वाटण्याचं कारण मला पोटातला गोळा वाटतो. जत्रेतला आकाशपाळणा खाली येताना येतो तोच. पडताना पायाखालून कुणी उलटं ढकलत नसतं, आतडीही शरीराबरोबर त्याच वेगाने पडत असतात, आणि शरीराला त्याची सवय नसते.

तिसरा_मजला

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. गेल्या मेपासून डायव्हिंग शिकतेय. सध्या १ मीटरची फळी, मागच्या महिन्यात पहिल्यांदा ३ मीटरवर उभी राहिली. मी बाकावर बसून बघते आणि माझे हात गार पडतात. मला गणित फार कळत नाही, पण एक विचारते: एवढ्या वेगाने फिरणारी माणसं पाण्याच्या आधी थांबतात कशी? थांबलं नाही तर पाठीवर किंवा पोटावर पडणारच ना?

कासार_आळी

थांबतात. शेवटी हातपाय ताणले की फिरणं बंद होतं. बर्फावर फिरणारे स्केटर हात पसरतात तसंच.

निळी_फळी

कासार_आळी, हे जवळजवळ बरोबर आहे, पण तो "जवळजवळ" शिकायला मला दोन वर्षं लागली. मी शाळा-कॉलेजात अकरा वर्षं डायव्हिंग केलं, ३ मीटर फळी आणि शेवटी १० मीटर. आता लहान मुलांना शिकवते.

फिरणं बंद होत नाही, मंदावतं. जडत्व सरांनी वर म्हटलंय की साठा पाण्यापर्यंत तोच राहतो. तो शून्य करायला हवेत काहीही नाही. ताणलेलं शरीर फिरतच असतं, फक्त सावकाश. त्यामुळे आम्ही उभ्या रेषेत "थांबून" पाण्यात जात नाही. उभी रेषा यायची असते, तिच्या थोडं आधीच हात पाण्याला लागतात आणि उरलेलं फिरणं पाण्यात होतं. नवीन मुलं नेमकं इथे चुकतात. त्यांना हवेतच अगदी सरळ दिसायचं असतं. मग पाय पुढे निघून जातात आणि पाठीमागे पाण्याचा फवारा उडतो. त्याला आम्ही "ओव्हर" म्हणतो. कमी फिरलं तर "शॉर्ट".

पाण्यात शिरताना तळवे सपाट, पाण्याकडे वळवलेले, एका हाताने दुसरा पकडलेला, कोपर कुलूप लावल्यासारखे ताठ, दंड कानांशी घट्ट. बोटं टोकदार करून सुईसारखं शिरायचं असा लोकांचा समज असतो. तसं नाही. सपाट तळवा पाण्यात पोकळी करतो आणि बाकीचं शरीर त्या पोकळीतून जातं. डोकं, खांदे, कंबर, पाय, सगळं त्याच एका भोकातून. नीट जमलं की कापड टरकन फाटल्यासारखा आवाज येतो. त्यालाच रिप म्हणतात. आणि हात पाण्याखाली गेले रे गेले की ते जोरात बाजूला ओढायचे आणि फिरण्याच्या दिशेनेच वळत राहायचं, म्हणजे पाय उभे आत खेचले जातात. वरून बघणाऱ्याला वाटतं उडी पाण्याशी संपली. पाण्याखालचे पहिले दीड-दोन मीटर उडीचाच भाग असतात.

तिसरा_मजला, तुमच्या मुलीला कोच रोज नुसते सरळ सूर मारायला लावत असतील तर कंटाळू देऊ नका. मी दहा मीटरवर गेले तेव्हाही सरावाची सुरुवात त्याच साध्या सुरांनी व्हायची. उजळणी हाताची असते, मनगटाची असते.

जडत्व

निळी_फळी ताई, तुमचं वाचून मी लगेच वही काढली. ताणलेल्या शरीराचा फिरण्याचा वेग सेकंदाला अर्धी फेरी धरू, म्हणजे १८० अंश. हात वर करून शरीराची लांबी दोन मीटरच्या थोडी वर. १४ मीटर प्रतिसेकंद वेगाने बोटांपासून टाचांपर्यंत आत जायला ०.१५ सेकंद. तेवढ्यात पाण्याने अडवलं नसतं तर शरीर आणखी २७ अंश फिरलं असतं! ही चूक नजरेत न भरणारी नाहीच. हवेत उभी रेषा गाठली की पाय भोकाबाहेर का जातात ते आता मला आकड्यात कळलं. वर्गात मी गेली कित्येक वर्षं "हातपाय ताणून थांबतात" असंच सांगत आलोय. पुढच्या तासाला दुरुस्त करतो.

आणि ३ मीटरचं: फळीच्या टोकावरून वर जाताना ५ मीटर प्रतिसेकंद वेग मिळाला तर हवेतला वेळ १.४४ सेकंद येतो. दहा मीटरवरून नुसतं पडायला लागतो तेवढाच. पुरुष डायव्हर ३ मीटरवरूनही साडेचार कोलांट्यांची १०९सी कशी पूर्ण करतात, याचं आश्चर्य त्यामुळे जरा कमी झालं.

निळी_फळी

हो, पण ते ५ मीटर प्रतिसेकंद फळी फुकट देत नाही. ती वाकते तेव्हा तुम्ही तिच्यात घातलेलंच परत करते, आणि तेही ती वर येत असताना तुम्ही तिच्याबरोबर असाल तरच. पाय ताणायची वेळ जराशी चुकली की ती गुडघ्यांतच सगळं गिळते. फळीखालचं चाक पुढेमागे करून तिचा लवचिकपणा आपल्याला हवा तसा लावायचा, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. माझ्या चाकाची खूण मला आजही पाठ आहे.

दक्षिणगोलार्ध

सिडनीहून लिहितोय. कोलांटीबरोबर गिरक्याही, म्हणजे अंगाच्या उभ्या अक्षाभोवतीच्या फेऱ्या, घेतात त्यांचं काय? २००८ ला बीजिंगमध्ये इथल्या मॅथ्यू मिचमने शेवटच्या उडीत ११२.१० गुण घेऊन १० मीटरचं सुवर्ण जिंकलं. ५२५५बी, मागे अडीच कोलांट्या आणि अडीच गिरक्या, काठिण्यांक ३.८. ती गिरकीसुद्धा प्लॅटफॉर्मवरूनच घेऊन निघतात का? कारण पाहताना वाटतं आधी नुसती कोलांटी सुरू होते आणि गिरकी मध्येच कुठून तरी येते.

जडत्व

तुमची नजर बरोबर आहे, आणि या सगळ्या विषयात मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हाच. थोडी गिरकी पायांनी प्लॅटफॉर्मवरून घेता येते, पण मग ती संपवता येत नाही. चांगले डायव्हर ती हवेत तयार करतात.

असं समजा. शरीर सरळ आहे आणि कोलांटीत फिरतंय. कोनीय संवेगाचा बाण, म्हणजे कोणत्या अक्षाभोवती फिरणं चाललंय ते दाखवणारा, डावीकडून उजवीकडे आडवा आहे. आता एक हात वर आणि दुसरा खाली, झटक्यात. हात एका बाजूला फिरले म्हणून बाकीचं शरीर दुसऱ्या बाजूला थोडं कलंडतं, तराजूचं एक पारडं खाली गेलं की दांडी तिरकी होते तसं. बाण मात्र हलत नाही, तो होता तिथेच आडवा राहतो. पण शरीर कलंडल्यामुळे डोक्यापासून पायांपर्यंतचा अक्ष आता त्या बाणाशी काटकोनात राहिला नाही. बाणाचा थोडा हिस्सा त्या उभ्या अक्षावर पडतो आणि शरीर त्या अक्षाभोवती फिरू लागतं. त्या अक्षाभोवतीचं आघूर्ण फारच कमी, कोलांटीच्या अक्षाच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढं. म्हणून छोट्याशा हिश्श्यातूनही जोरदार गिरकी निघते. दहा अंश कलंडलं तर एका कोलांटीमागे जवळपास दोन-अडीच गिरक्या बसतात.

आणि परत हात उलटे केले की कलणं जातं आणि गिरकी थांबते. खरोखर थांबते, मंदावत नाही. म्हणजे कासार_आळी म्हणाले ते थांबणं गिरकीच्या बाबतीत खरं आहे, कोलांटीच्या बाबतीत नाही. कोलांटीचा साठा प्लॅटफॉर्मचा, तो परत करायला पाणीच लागतं. गिरकी त्याच साठ्यातून हवेत उसनी घेतलेली असते, ती हवेतच फेडता येते.

दक्षिणगोलार्ध

वा! आता ते हात बघायला परत व्हिडिओ लावतो. सिडनी विद्यापीठातल्या गणितज्ञांनी याच गणितावरून कागदावर एक नवी उडी मांडली होती, ५१३एक्सडी: दीड कोलांटीत पाच गिरक्या. हात किती झटक्यात हलले तर ती शक्य आहे याचं ते गणित आहे. सिद्धांतात बसते.

निळी_फळी

सिद्धांत आणि खांदे, दोन्ही बसायला हवेत! पण सरांनी तराजूचं सांगितलं ते मी उद्या मुलांना सांगणार. आम्हाला शिकवताना फक्त "उजवा वर, डावा पोटाशी" एवढंच सांगितलं गेलं होतं. का ते कळलं असतं तर मी तो हात अर्धवट टाकला नसता.

डोहकाठ

ताई, एक विचारू? माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, फोनवर व्हिडिओ बघून विहिरीत उलटी मारायला लागलाय. पाण्याकडे तोंड करून उभा राहतो, उडी पुढे मारतो आणि फिरतो मागे. चार-पाच वेळा छान जमली त्याला. गावात सगळे टाळ्या वाजवतात. मला मात्र बघवत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते सांगताही येत नाही.

निळी_फळी

डोहकाठ दादा, ही उडी आमच्याकडे रिव्हर्स, तिसरा गट. जे बघवत नाही तुम्हाला ते बरोबरच आहे, आणि त्याचं कारण सांगते.

पुढे झुकून पुढे कोलांटी घेतली तर झुकणं, पुढे जाणं आणि फिरणं सगळं एकाच बाजूला असतं. डोकं काठापासून दूरच जातं. रिव्हर्समध्ये शरीर पाण्याकडे जातं आणि डोकं काठाकडे फिरतं. काठाशेजारून डोकं खाली जाणार हे ठरलेलंच, प्रश्न फक्त अंतराचा. आणि शरीराची खोड अशी की जास्त फिरायचं म्हटलं की आपण नकळत डोकं आणि खांदे मागे टाकतो. तसं केलं की पुढे जाणं कमी होतं. म्हणजे फिरणं वाढवायच्या नादात अंतर जातं.

१९८३ मध्ये एडमंटनला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोव्हिएत डायव्हर सर्गेई चालिबाश्विलीचं डोकं १० मीटरच्या प्लॅटफॉर्मवर आपटलं. उडी होती ३०७सी, रिव्हर्स साडेतीन. तो त्यातून वाचला नाही. १९८८ मध्ये सोलला ग्रेग लुगानिस, त्या काळातला जगातला सर्वोत्तम डायव्हर, प्राथमिक फेरीत ३ मीटर फळीवर रिव्हर्स अडीच मारताना डोक्याला लागून पडला. टाके घालून तो परत आला आणि फळीचं सुवर्ण जिंकला. नंतर प्लॅटफॉर्मवर त्याची शेवटची उडी तीच ३०७सी होती. चौदा वर्षांच्या श्योंग नीला त्याने १.१४ गुणांनी मागे टाकलं. मी लहान असताना आमच्याकडे ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगायचे. मी आज मुलांना ती अंतराची म्हणून सांगते.

ही माणसं रिव्हर्स शिकतात ती आधी कोरड्या जमिनीवर, कमरेला पट्टा आणि दोरी बांधून, कोचने दोरी धरून. मग ट्रॅम्पोलिन, मग फोमचा खड्डा, मग कुठे १ मीटर. मोठ्या तलावांत तर तळातून हवा सोडून पाणी बुडबुड्यांनी मऊ करायची सोय असते. पाण्याचा पृष्ठभाग नजरेला सापडावा म्हणून वरून पाण्याचे फवारे सोडतात. विहिरीत यातलं काहीच नाही. उलट समोरही भिंत, मागेही भिंत, आणि पायऱ्यांचे दगड बाहेर आलेले.

आणि खोली. १० मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली पाच मीटर पाणी ठेवतात. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला किती राहतं? पाणी जितकं खाली जातं तितकी उडीची उंची वाढते आणि त्याच वेळी खोली कमी होते. आधी ते मोजा. भाच्याला रागावू नका, त्याच्या अंगात हे आहे असं दिसतंय. त्याला पुण्याला बालेवाडीला एकदा घेऊन या. तिथे डायव्हिंगचा वेगळा तलाव आहे. फळीवर उभं राहून खाली बघू दे त्याला.

तिसरा_मजला

ताई, हे वाचून मी मुलीच्या कोचना विचारलं की ती रिव्हर्स कधी शिकणार. ते म्हणाले, दोन वर्षं तरी नाही. आधी मी याला उगाच वेळ लावणं समजले असते. घरी तिने जडत्व सरांचं वाचून फिरत्या खुर्चीवर दोन हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन बघितलं. हात आत घेतल्यावर खुर्ची एवढी फिरली की ती ओरडलीच. मग मला बसवलं.

डोहकाठ

आज सकाळी दोराला दगड बांधून खोली मोजली. भाचाच दोर धरून होता. सव्वाअकरा फूट पाणी, आणि काठापासून पाण्यापर्यंत एकवीस फूट. फेब्रुवारीत हेच पाणी आठ फूट वर होतं, त्याला स्वतःला ते आठवत होतं. त्याने दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि बराच वेळ काठावर बसून राहिला. पावसाळ्यापर्यंत सूर बंद, फक्त पायऱ्यांवरून उतरून पोहणं, असं तोच म्हणाला. शाळेला सुट्टी आहे तोवर पुण्याचं तिकीट काढतो. ताई, बालेवाडीला सकाळी कितीला यायचं?